अडकलेली पिन आणि सव्वीस आटे

आमच्या शाळेतल्या नववीच्या एका विद्यार्थिनीची सायकल गेल्या जुलैत बंद पडली. मुलगी उदगीरपासून सहा किलोमीटरवरच्या गावातून येते. सकाळची एस.टी. चुकली की सायकलशिवाय तिला दुसरा इलाज नसतो. सायकल तिच्या आजोबांची. उदगीर तालुका बिदर जिल्ह्यात आणि बिदर हैदराबाद संस्थानात होते त्या काळात घेतलेली, तीही जुनी. पुढच्या बिल्ल्यावरचा रंग उडाला आहे, पण ‘बर्मिंगहॅम’ ही अक्षरे अजून वाचता येतात. तक्रार साधी होती : पॅडल मारले की प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज होई आणि डावा क्रँक बोटभर हले.

जुन्या सायकलींची ओळख असलेल्यांनी दुखणे ओळखले असेल. क्रँक मधल्या एक्सलवर पक्का बसवणारी कॉटर पिन सैल झाली होती. पिन काढायची, नवी घालायची. एरवी दहा मिनिटांचे काम. आम्हां दोन शिक्षकांना त्याला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आम्हाला एका बोटभर पिनेच्या निमित्ताने दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास वाचावा लागला.

आधी पिनेची रचना सांगतो. पेन्सिलीएवढी जाड पोलादी पिन. एका बाजूने तिरकी घासून सपाट केलेली. एक्सलवर एक खाच असते. क्रँकच्या आरपार भोकातून पिन घातली की तिची तिरकी बाजू या खाचेवर बसते. हातोडीने ठोकले की ती पाचरीसारखी आवळत जाते. पिनेच्या बारीक टोकाला आटे पाडलेले असतात, त्यावर वॉशर आणि चाकी (कोणी नट म्हणतात) बसते. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पिन आवळण्याचे काम चाकीचे नाही, ते हातोडीचे. पाचर बसली की ती मागे सरकू नये एवढ्यासाठीच चाकी असते. पण ठोकायचा कंटाळा करून पुष्कळ जण चाकी पिळून पिन ओढून घेतात. कोवळे आटे तो ताण सोसत नाहीत. मग आटे मरतात.

आमच्या पिनेचे आटे मेलेलेच होते, आणि त्याहून वाईट म्हणजे चाकी अर्ध्यावर रुतून बसली होती. पुढेही जाईना, मागेही येईना. तिचे सहाही कोपरे घासून गोल झाले होते. दहा-अकराचा पाना लावला तर अकराचे तोंड बसेना; बारा-तेराचा लावला तर बाराचे तोंड नुसते फिरे. मोजपट्टीने मापले तेव्हा चाकीची रुंदी ११.३ मिलिमीटरच्या आसपास भरली. अशा चाकीवर कोणीतरी बाराचा पाना लावून जोर केला होता. सैल पाना चाकीच्या सपाट बाजूवर टेकत नाही, फक्त कोपऱ्यांवर टेकतो. सगळा जोर कोपऱ्यांच्या रेघांवर येतो आणि कोपरे चिरडतात. एकदा कोपरा गेला की पाना आणखी घसरतो आणि उरलासुरला कोपराही जातो.

आजोबा म्हणाले, मागच्या वर्षी रस्त्यात चाकी पडली होती, तेव्हा कोणीतरी नवी बसवून दिली. “बसत नव्हती, पण त्यानं जोर करून बसवली.”

प्रश्न तिथेच सुरू होतो. चाकी तर दिसायला तेवढीच होती. मग बसत का नव्हती?

उत्तर आम्हाला अर्धेच माहीत होते. सायकल मिस्त्री, वेल्डिंगवाले यांच्याकडे बोल्टची जाडी अजून ‘सुतां’त सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती बोल्ट म्हणजे पाव इंची, तीन सुती म्हणजे पाऊण सेंटिमीटरहून बराच जाड, साडेनऊ मिलिमीटरचा. आणि शेजारीच नव्या गाड्यांचे बोल्ट सहा नंबर, आठ नंबर अशा मिलिमीटरच्या मापात मिळतात. दोन सुती म्हणजे ६.३५ मिलिमीटर. सहा नंबर म्हणजे ६. फरक ०.३५ मिलिमीटर, चार पोस्टकार्डांच्या थप्पीतून एक कार्ड काढल्यावर जो फरक पडेल तेवढाच. डोळ्याला तो कळत नाही, पण आट्यांना कळतो.

पण जाडी ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी आट्यांच्या दाटीत आहे, आणि तिचा इतिहास मोठा आहे.

आटा म्हणजे गुंडाळलेला उतार. वर्गात हे दाखवणे सोपे आहे. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. कर्णाची रेघ मळसूत्र होऊन पेन्सिलीवर चढते. म्हणजे कॉटर पिनेत एकच युक्ती दोनदा वापरलेली आहे : एकदा सरळ पाचर म्हणून आणि एकदा गुंडाळलेली पाचर म्हणून. पाचर आपल्या गावांना नवी नाही. बैलगाडी, औत, कुऱ्हाडीचा दांडा, सगळे पाचरीवर आणि खिळीवर उभे होते. मळसूत्रही नवे नव्हते. सरकी काढायच्या जुन्या लाकडी चरक्यांत दोन रूळ एकमेकांना उलटे फिरवायला लाकडात कोरलेले मळसूत्री दाते असत आणि ते हिंदुस्थानात शेकडो वर्षे वापरात होते. आपल्या कापसाच्या मुलखाने ते पाहिलेले आहेत. पण दोन लोखंडी तुकडे जोडायला हजारोंनी एकसारखी मळसूत्रे करणे, ही गोष्ट निराळी होती. ती युरोपातही फार जुनी नाही.

इंग्लंडमध्ये १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले याने अचूक आटे पाडणारे लेथ बनवले. त्याआधी बोल्ट आणि त्याची चाकी ही जोडी असे. कारागीर एकाला दुसरे जुळवून घेई आणि दोघांवर खूण करून ठेवी. शेजारच्या बोल्टची चाकी याला लागत नसे. मॉडस्लेच्या यंत्रांनी एका कारखान्यातले बोल्ट एकसारखे झाले, पण प्रत्येक कारखान्याचे ‘एकसारखे’ वेगळे. कुठे इंचात १८ आटे, कुठे २०, कुठे २२. आट्यांचा कोनही ज्याचा त्याचा.

मॉडस्लेकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने या गोंधळाला हात घातला. त्याने निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि साधारण सरासरी काढली. १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे त्याने निबंध वाचला : सगळ्यांनी ५५ अंशांचा कोन ठेवावा आणि प्रत्येक जाडीला इंचामागे आट्यांची संख्या ठरवून टाकावी. पाव इंची बोल्टला २० आटे. यात सर्वोत्तम आटा शोधल्याचा दावा नव्हता. सगळ्यांना थोडे थोडे बदलावे लागेल, पण कोणालाच फार बदलावे लागणार नाही, असा तो हिशेब होता. आम्हाला व्हिटवर्थचे मोठेपण यात वाटते. त्याच्या यंत्रांची अचूकता प्रसिद्ध आहे, पण भांडण मिटवायला सरासरी काढावी हे सुचायला वेगळी बुद्धी लागते.

या एकसारखेपणाचा फायदा क्रिमियाच्या युद्धात दिसला. ब्रिटिश नौदलाला तोफनौका घाईने हव्या होत्या. जॉन पेन या इंजिन बनवणाऱ्याने तयार इंजिनांचे सुटे भाग नमुने म्हणून वेगवेगळ्या कारखान्यांना वाटले आणि ९० इंजिनांचे संच सुमारे ९० दिवसांत उभे राहिले असे सांगतात. आटे एकाच मापाचे नसते तर ते भाग एकत्र जुळलेच नसते.

अमेरिकेने मात्र वेगळी वाट धरली. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स याने ६० अंशांचा कोन सुचवला, कारण तो कोन साध्या हत्यारांनी काढायला सोपा. समभुज त्रिकोणाचा कोन; शाळेतल्या कंपासपेटीनेही काढता येतो. पाच अंशांच्या या फरकाची किंमत पुढे दुसऱ्या महायुद्धात मोजावी लागली. अमेरिकेत ब्रिटिश विमानांची इंजिने बनवायची तर ब्रिटिश आट्यांची हत्यारेही तिथे करावी लागली. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून एक समान आटा मान्य केला. त्यात कोन ६० अंशांचा राहिला. मेट्रिक आट्याचाही कोन ६०च. आट्यांचा मेळ नसला की काय होते याचे आणखी एक ठसठशीत उदाहरण १९०४ च्या फेब्रुवारीतले. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला आग लागली तेव्हा शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, पण पुष्कळांच्या पाइपांची तोंडे बाल्टिमोरच्या नळांना लागेनात. पाणी होते, माणसे होती, आटे जुळत नव्हते. दीड हजारांवर इमारती जळाल्या.

आता सायकलीकडे येऊ. सायकलीची नळी पातळ असते. व्हिटवर्थचा आटा खोल : पाव इंची बोल्टवर सुमारे ०.८ मिलिमीटर. पातळ भागात एवढे खोल कोरले तर उरते काय? शिवाय खडखडणाऱ्या रस्त्यावर मोठ्या आट्याची चाकी लवकर सैल होते. म्हणून सायकलवाल्यांनी बारीक, दाट आटे वापरायला सुरुवात केली, आणि अर्थातच सुरुवातीला ज्याने त्याने आपापले. १९०२ च्या सुमारास इंग्लंडमधल्या सायकल इंजिनियरांच्या संस्थेने त्यांना एका मापात आणले : ६० अंशांचा कोन, गोलसर माथा, आणि पाव इंचापासून पुढच्या बऱ्याच जाड्यांना इंचामागे २६ आटे. तेच माप पुढे ब्रिटिश मानक झाले. सव्वीस आट्यांची खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर. पातळ नळीला चालते, खडखडाटात टिकते. पण आट्यात मांस कमी, त्यामुळे चुकीच्या चाकीला तो फार लवकर मरतो.

चाकी खडखडाटात का टिकते, याचा हिशेब नववी-दहावीच्या मुलांना करता येईल. पाव इंची पिनेवर २६ आटे म्हणजे एका फेऱ्यात चाकी ०.९७७ मिलिमीटर सरकते. त्या ठिकाणी पिनेचा सरासरी परीघ सुमारे १८.३ मिलिमीटर. म्हणजे उतार साधारण १९ ला १, कोन तीन अंश. व्हिटवर्थच्या २० आट्यांना तोच कोन चार अंशांवर जातो. पोलादावर पोलाद घसरायला, घर्षणगुणांक ०.१५ धरला तर, साडेआठ अंशांचा उतार लागतो. दोन्ही चाक्या स्वतःहून घसरत नाहीत, पण सायकलीची चाकी अधिक सुरक्षित अंतरावर आहे.

बर्मिंगहॅम हे या धंद्याचे मोठे केंद्र. तिथल्या बी.एस.ए. या नावातच ‘स्मॉल आर्म्स’ म्हणजे बंदुका आहेत. बंदूक बनवणाऱ्यांनी १८६१ मध्ये ती काढली आणि १८८० च्या सुमारास ती सायकलींकडे वळली. तिच्या चिन्हावर तीन बंदुका होत्या, त्या आपल्याकडेही सायकलीच्या बिल्ल्यावर पुष्कळांनी पाहिल्या असतील. बंदुकीचे भाग एकमेकांना लागावेत ही सैन्याची गरज. तीच शिस्त सायकलीत आली. मात्र शिस्त पूर्ण नव्हती. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने मधल्या एक्सलच्या कपांना इतरांसारखे २४ आटे न ठेवता आपले २६ ठेवले, म्हणजे गिऱ्हाइकाने सुटे भागही तिथूनच घ्यावेत.

या सायकली मराठी मुलखात कशा आल्या, याची एक गोष्ट बेळगावची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत. तेव्हा त्यांनी यांत्रिक रेखन धरले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मुंबईच्या रस्त्यावर सायकल पाहून त्यांनी ती घेतली, शिकले, आणि मुंबईत सायकली घेऊन बेळगावला थोरले बंधू रामचंद्र यांच्याकडे विकायला पाठवू लागले. किर्लोस्कर बंधूंचे दुकान १८८८ मध्ये निघाले. इंग्लंडमध्ये साखळीची ‘सेफ्टी’ सायकल येऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती आणि हवेची धाव, म्हणजे डनलॉपची, त्याच वर्षीची. बेळगावचे दुकान जगाच्या फारसे मागे नव्हते. त्या काळी सायकल सातशे ते हजार रुपयांना जाई आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये घेत, असे सांगितले जाते. ही रक्कम ऐकून आमच्या विद्यार्थिनीचे आजोबा नुसते हसले.

शिक्षकांनी या कथेतले एक वळण लक्षात घ्यावे. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते पूर्ण वेळ बेळगावला आले. सायकल विकणाऱ्याला ती दुरुस्तही करावी लागते, आणि परदेशी यंत्राचा तुटलेला भाग बोटीने यायची वाट पाहायची नसेल तर स्वतः घडवावा लागतो. यंत्र उघडून पाहण्याची ही सवय लागलेल्या माणसाने पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. नांगर खपेना; लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिली विक्री व्हायला दोन वर्षे गेली. मग १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पाठ्यपुस्तकात हा इतिहास नांगरापासून सुरू होतो. आम्हाला तो सायकलीच्या दुकानापासून सुरू करावासा वाटतो.

उदगीरची वाट निराळी. हा निजामाचा मुलूख. ब्रिटिश हद्दीतून येणाऱ्या मालावर संस्थानची वेगळी जकात, तिला इथे करोडगिरी म्हणत. तरीही इंग्रजी सायकली आल्याच. डॉक्टर, वकील, गिरदावर, शाळातपासनीस अशा लोकांकडे त्या असत. मग जुन्या होऊन पुढच्या हातांत जात. आमची सायकल त्यांतलीच एक. १९५६ साली उदगीर बिदरमधून निघून मुंबई राज्यातल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात. सायकल त्याच घरात उभी होती. जिल्हे बदलले, आटे सव्वीसच राहिले.

तोवर देशात सायकलीचे मोठे कारखाने निघाले होते. मुंबईला हिंद सायकल्स महायुद्धाच्या तोंडावर निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टी. आय. सायकल्स १९४९ मध्ये, सोनिपतला ॲटलास १९५१ मध्ये, आसनसोलजवळ सेन-रॅले, आणि लुधियानात हिरो १९५६ मध्ये. यांतल्या काहींचे भागीदारच इंग्रज होते, बाकीच्यांच्या पुढे नमुना इंग्रजी सायकलीचा. त्यामुळे कॉटर पिन, २६ आटे, पाव इंची छर्रे, अर्ध्या इंचाची साखळी हे सगळे जसेच्या तसे आपल्याकडे रुजले. त्याच १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा होऊन देश मेट्रिकवर आला. शेर-मण गेले, मैल गेले. सायकलीतला इंच मात्र गेला नाही. आजही दुकानात ‘बावीसची’ किंवा ‘चोवीसची’ सायकल मागतात. जपानपासून इटलीपर्यंत साखळीची कडी अर्ध्या इंचाची आणि पॅडलचा आटा बहुधा इंचाच्या नऊ-सोळांशाचाच असतो. मेट्रिक देशांनीही इंच निमूटपणे चालवून घेतला, कारण कोट्यवधी सायकली आधीच रस्त्यावर होत्या.

फसगत इथेच होते. पाव इंचाला २६ म्हणजे आट्यांतले अंतर ०.९७७ मिलिमीटर, सहा नंबर मेट्रिकचे अंतर बरोबर १ मिलिमीटर. इतके जवळ, की पहिले एक-दोन आटे अडत अडत धरतात आणि माणसाला वाटते की चाकी जराशी घट्ट आहे, जोर केला की बसेल. सहा आट्यांनंतर फरक ०.१४ मिलिमीटर होतो. शिवाय पिन चाकीच्या मानाने ०.३५ मिलिमीटर जाड. पान्याने पिळले की कोवळी पिन सोलली जाते, सोललेला कीस आट्यांत भरतो आणि चाकी तिथेच रुतते. उलटा प्रकारही घडतो : इंची चाकीत सहा नंबरचा बोल्ट सहज जातो, पण आट्यांची एक तृतीयांश पकड नाहीशी झालेली असते. तो बोल्ट आवळताना छान लागतो आणि आणखी अर्धा फेरा दिला की एकाएकी हलका होतो. तो हलकेपणा ज्याने एकदा अनुभवला तो विसरत नाही.

त्यावर मराठवाड्याच्या पावसाळ्यांनी आपले काम केले होते. लोखंड गंजते तेव्हा ते नुसते झिजत नाही, फुगते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. बंद फटीत तो फुगायला जागा नसते, म्हणून तो दोन्ही भागांवर दाब देऊन बसतो.

आम्ही पहिल्या दिवशी हातोडी घेतली होती. नशिबाने, मारण्याआधी बसस्थानकाकडच्या एका जुन्या मिस्त्रींना विचारले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी चाकी अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, “जोर लावून काही होत नसतंय, गुरुजी. ह्याला टाइम द्यावं लागतंय. घासलेट सोडा, दोन राती राहू द्या.”

घासलेट का, हे विज्ञानशिक्षकाला सांगायला नको. ते पाण्यासारखे गोळा होऊन थांबत नाही, केसासारख्या फटीतही केशाकर्षणाने शिरते. त्यात थोडे मशीनचे तेल मिसळले तर घासलेट उडून गेल्यावर तेल मागे राहते. सकाळ-संध्याकाळ चार थेंब आणि हातोडीने हलके टकटक, म्हणजे गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल आत सरकते. दोन रात्री आम्ही हे केले. चाकी हलली नाही, पण तिच्या कडेने तपकिरी पाणी पाझरू लागले. चाचा म्हणाले, आता ऐकतंय.

तिसऱ्या दिवशी चाकी कापली. करवतीने तिच्या एका सपाट बाजूवर, पिनेला समांतर, आट्यांच्या जवळपर्यंत खाच पाडली. खाचेत छिन्नी ठेवून एक ठोका दिला आणि चाकी उलली. आत चकचकीत कीस भरलेला होता. पिनेचे टोक अपेक्षेप्रमाणे सोललेले आणि वाकलेले. ते करवतीने क्रँकच्या बरोबरीने कापून टाकले. वाकलेल्या टोकावर ठोकले असते तर ते खिळ्याच्या डोक्यासारखे पसरून भोकात पक्के बसले असते.

मग ठोकण्याची तयारी. बरेच जण सायकल आडवी टाकून पिनेवर हातोडी मारतात. तो धक्का पिनेला कमी आणि एक्सलच्या छर्‍यांना जास्त बसतो. छर्‍यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि सायकल जन्मभर खरखरते. चाचांनी लोखंडी पाइपाचा एक तुकडा क्रँकखाली उभा धरायला लावला, पिनेचे जाड डोके पाइपाच्या पोकळीत येईल असा, आणि पाइप फरशीवर टेकलेला. म्हणजे क्रँक पाइपावर उभा राहतो आणि पिनेला खाली निसटायला जागा मिळते. शंभर हलक्या ठोक्यांपेक्षा जड हातोडीचा एक ठोका बरा, हेही तेव्हा कळले. हलका ठोका पिनेचे टोक फुलवण्यात खर्च होतो. जड ठोका पिनेला सबंध ढकलतो.

तीन जड ठोके दिले. पिन हलली नाही.

आता क्रँकचीच भीती होती. हा क्रँक वाकला किंवा त्याचे भोक फाटले तर त्या एक्सलला बसणारा दुसरा मिळेलच याची खात्री नव्हती, आणि मुलगी तीन दिवस पायी येत होती. म्हणून चौथ्या दिवशी पिनेला आतून पोखरायचे ठरले. पिनेच्या कापलेल्या तोंडाच्या नेमक्या मध्यावर पंच मारला, आधी तीन मिलिमीटरचे आणि मग पाच मिलिमीटरचे भोक अर्ध्या खोलीपर्यंत पाडले. पंच मध्यावर नसेल तर ड्रिल कडेला सरकते आणि क्रँक खाते. इथे घाई करू नये. पिन पोकळ झाली की तिचा बाहेरचा दाब ढिला होतो.

मग उष्णता. आधी घासलेट फडक्याने पूर्ण पुसले, भाग वाऱ्यावर वाळवला, टायर आणि रंगाजवळ ओले फडके गुंडाळले. घासलेट राहिलेल्या भागाला ज्योत लावणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. मुलांकडून तर हे मुळीच करवू नये. चाचांनी ज्योत पिनेवर न धरता भोवतीच्या क्रँकवर फिरवली. पोलाद एका अंशाला लांबीच्या एक लक्षांशाहून थोडे अधिक, सुमारे १२ दशलक्षांश पसरते. साडेनऊ मिलिमीटरचे भोक दोनशे अंशांनी तापले तर ०.०२३ मिलिमीटरने मोठे होते. केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. एवढ्याने काय होणार असे वाटते. पण गंज ठिसूळ असतो. त्याला तेवढेही ताणणे सोसत नाही, आणि आत तर एवढी जागासुद्धा नव्हती.

पाइप लावला, पंच ठेवला, एक ठोका. पिन पाइपात पडल्याचा आवाज आला.

मुलीने ती हातात घ्यायला हात पुढे केला तेव्हा चाचा ओरडले, “बेटा, गरम हाय!”

नवी पिन घेताना आम्ही आट्यांची पट्टी बरोबर नेली. कंगव्यासारख्या पात्यांची ही पट्टी आट्यांवर ठेवून उजेडात धरतात. फट दिसली नाही ते पाते खरे. पट्टी नसेल तर मोजपट्टीवर अर्ध्या इंचात आटे मोजले तरी चालते, तेरा भरले की सव्वीस. चाकी मात्र आम्ही बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहिली. बोटांनी जी जात नाही ती पान्याने घालू नये, हे चाचा बोलले नाहीत, पण दुकानातली पहिली चाकी तशी अडताच त्यांनी ती न बोलता डब्यात परत टाकली.

उजव्या बाजूची पिनही तेव्हाच तपासली. दोन्ही पिनांचे आटे विरुद्ध दिशांना यावे लागतात, एरवी पॅडले एका रेषेत राहत नाहीत. डावे पॅडल काढताना मात्र आम्हीच चूक केली. त्याचे आटे उलटे असतात आणि आम्ही ते सवयीने उघडायला जाऊन आणखी आवळत होतो. हे उलटे का, ते पुढच्या आठवड्यात वर्गात करून पाहिले : मूठ सैल गोल धरून तिच्यात पेन्सिल उभी घाला आणि पेन्सिलीचे टोक मुठीच्या आतल्या कडेने गोल फिरवा. पेन्सिल कडेवर घरंगळत स्वतःभोवती उलट्या दिशेने वळते. पॅडलचा दांडाही क्रँकच्या भोकात, अगदी किंचित का होईना, असाच घरंगळतो. डाव्या बाजूला सुलटे आटे असते तर पॅडल चालवता चालवता उघडत गेले असते. तीस मुलांपैकी पाच-सहा जणांच्या हातातली पेन्सिल नीट फिरली, बाकीच्यांच्या खाली पडल्या.

उललेली चाकी, पोखरलेली पिन आणि एक नवी सव्वीस आट्यांची चाकी आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत एका डबीत ठेवली आहे. डबीवर मुलीने चिठ्ठी लावली आहे : ‘दोन सुती, २६. सहा नंबर लावू नये.’